जिप्सी आधी खालून बघ

पुणे

प्रिय पक्या,

फोटो बघितले. घेतलीस शेवटी मारुतीची जिप्सी! २००४ची, पेट्रोल, आणि कुणी फार हात न लावलेली. जुन्या गाडीत हे भाग्यच समज. पण फोटोंखाली तू जी यादी पाठवलीस ना, गाडी उंच करायचं लिफ्ट किट, गाडी ओढून काढायचं विंच, लोखंडी बंपर, टपावर दिव्यांची माळ, ती वाचून पत्रच लिहायला बसलो. फोनवर तू मला बोलू कुठे देतोस?

यादीवर सरळ काट मार. तुझं इंजिन १.३ लिटरचं, ८० हॉर्सपॉवरचं. टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, १०३ न्यूटन मीटर, तोही ४,५०० आरपीएमला. म्हणजे खालच्या आरपीएमला जोर बेताचाच. ही गाडी चढते ती जेमतेम टनभर वजनामुळे आणि लो रेंजमुळे, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या जादा गिअरमुळे. तिच्यावर शे-दीडशे किलो लोखंड चढवलंस की संपलं. शिवाय बुलबारवर, म्हणजे असल्या पुढच्या लोखंडी बंपरवर, कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय, आणि पंधरा वर्षं उलटलेली गाडी तुला आरटीओत न्यावी लागणारच आहे. तिथे कशाला वाद?

पैसे घालायचेत ते खाली. गाडी गॅरेजच्या पिटवर घे, टॉर्च धर आणि स्वतः बघ, मिस्त्रीवर सोडू नकोस. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला एक्सलच्या टोकाला गोळा दिसेल, ज्यावर चाक वळतं. तो फडक्याने पूस आणि दोन दिवस गाडी चालवून पुन्हा बघ. ग्रीसचा पातळ थर असेल तर ठीक. तेल ओघळत असेल तर आतलं सील गेलंय. डिफचं, म्हणजे एक्सलवर जोर दोन चाकांत वाटणाऱ्या डिफरेन्शिअलचं, ऑइल गोळ्यात उतरून ग्रीस पातळ करतंय. दोन्ही बाजूंची सीलं एकदमच बदल, मजुरी तीच लागते.

मग ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलकडे जोर पाठवणारी पेटी. जिप्सीत ती गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. मध्ये छोटा शाफ्ट आणि ती स्वतः रबरी माउंटवर टांगलेली. वीस वर्षांत ते रबर फाटतं, आणि क्लच सोडला की खालून ‘धडाक्’ येतं. लोक गिअरबॉक्स उघडायला निघतात, दोष असतो माउंटचा. तो छोटा आणि पुढचा-मागचा असे तिन्ही शाफ्ट धर, त्यांचे क्रॉस, म्हणजे टोकाचे सांधे, हाताने हलवून बघ, ग्रीस मार. गिअरबॉक्स, ट्रान्सफर आणि दोन्ही डिफचं ऑइल नवीन टाक. डिफचे ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर करायच्या नळ्या, मोकळे आहेत का तेही बघ. गरम डिफ थंड ओढ्यात गेलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर चोंदलेला असेल तर ते सीलातून पाणी ओढतं. नंतर ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं की समजायचं काय झालं ते.

स्प्रिंगचे पाटे बसले असतील तर मिस्त्री म्हणेल, ‘एक पाटा वाढवू, गाडी उचलेल.’ उचलेल, पण दगडासारखी कडक होईल, आणि खड्ड्यात चाक खाली उतरायचंच नाही. तुझी दोन्ही डिफ साधी, लॉक नसलेली. तिरक्या खड्ड्यात पुढचं एक आणि मागचं एक चाक हलकं झालं की तीच दोन गरगर फिरणार आणि गाडी जागची हलणार नाही. म्हणून जुने पाटे दुरुस्त कर, बुश आणि यू-बोल्ट नवे घाल, बस्स.

खर्च करायचाच तर टायरवर कर. २१५/७५ आर१५चे ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्चा दोन्ही रस्त्यांचे, घे, लिफ्ट न करता बसतात. चिखलात उतरण्याआधी हवा १६ ते १८ पीएसआयवर आण. टायर पसरतो, पकड कुठल्या कुठे वाढते. त्याखाली जाऊ नकोस, रिमवरून निसटेल. डांबरीवर परतताना हवा भरायचीच, तेव्हा छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवा. आणि कोरड्या डांबरीवर फोर बाय फोर टाकायची नाही. पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफ नाही, वळणावर सगळा ताण शाफ्टांवर येतो. पुढच्या चाकांना एक्सलशी जोडणारे, हाताने फिरवायचे हब असतील तर ते घरूनच लॉक करून नीघ, चिखलात गुडघ्यावर बसून फिरवणं वैतागवाणं.

रुतलेली गाडी ओढायला ताणला जाणारा नायलॉनचा पट्टा आणि दोन चांगले डी-शॅकल, म्हणजे पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या, घे. पट्टा चासीला बोल्ट केलेल्या हुकातच अडकव. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीही नाही. तो तुटून सुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो, माणसं गेलीत त्याने.

चालवण्याचं इथे आल्यावर दाखवतो. तोवर दोनच गोष्टी: उतारावर लो रेंजचा पहिला गिअर आणि क्लचवरून पाय काढलेला, आणि अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत. पॉवर स्टिअरिंग नाही तुला, चाक दगडावर आपटलं की झटका थेट हाताला.

सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, जायचं मात्र डोक्यातून काढ. कातळावरचा तो बोटभर मातीचा थर, त्यावरच कासची फुलं उगवतात. एकदा टायर फिरला की गेला. किनाऱ्यावरही नको. भरतीत रुतलेल्या गाड्यांचे व्हिडिओ दर सुट्टीला येतातच, त्यात तुझी नको. मुळशीकडे ओळखीच्यांची खाजगी जमीन आहे, घळ आहे, ओढा आहे. दिवाळीनंतर तिथेच जाऊ, माझी गाडीही असेल. एकट्या गाडीने जायचं नाही हे ठरलेलं.

चाकांच्या गोळ्यांचं काय निघालं ते कळव, सीलं इथून पाठवतो. आणि येताना फूटभर लांबीची जाड फळी आण, चिखलात जॅकखाली ठेवायला. माझी मागच्या पावसात कुणीतरी नेली ती परत आलीच नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या