जागा बघायला जाल तेव्हा

डर्बी, इंग्लंड
रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेलं पुण्याजवळच्या त्या वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक रात्रपाळीत दोनदा वाचलं. बाग, मंदिर, वाचनालय, सकाळचा योग, महिन्याचे पैसे, सगळं छापलंय. रात्री कामाला माणसं किती असतात, तेवढं नाही. फोनवर हा विषय निघाला की आई रडते आणि तुम्ही "बघू" म्हणून फोन ठेवता, म्हणून लिहितोय.

एसटीच्या आगारात तुम्ही सगळी नोकरी काढलीत. गाडीचा रंग बघत उभे राहिलेले मला तुम्ही आठवत नाही. आधी पिटात उतरायचात, गाडीच्या पोटाखाली. परवा ती जागा बघायला जाल तेव्हाही तसंच करा. बाग नंतर बघा, आधी न्हाणीघर.

इथल्या वृद्धाश्रमात कुणाला आंघोळ घालण्याआधी मी टबातल्या पाण्यात थर्मामीटर बुडवतो आणि आकडा वहीत लिहितो. 44 अंशांच्या वर पाणी चालत नाही. नव्यानं लागलो तेव्हा मला हसू यायचं. आपल्याकडे बंबाचं पाणी, आई बादलीत हात घालणार आणि "हां, ये" म्हणणार. पण म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. चटका बसला तरी पाय चटकन मागे घेता येत नाही, आणि स्मृती गेली असेल तर भाजलं हे सांगताही येत नाही. तुम्ही तिथला गरम पाण्याचा नळ स्वतः सोडून बघा. कमोडशेजारची धरायची दांडी दोन्ही हातांनी ओढून बघा, हलते का.

आई, आता तुला विचारतो. आजी शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा आपण तिला जवळजवळ आडवी ठेवूनच पेज भरवायचो, आठवतं? ठसका लागायचा, तू पाठ चोळायचीस. इथे ठसका लागला की भरवणं थांबतं आणि गिळण्याची तपासणी होते, कारण घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. मग माणसाला ताठ बसवून भरवायचं, लागेल तसा चहासुद्धा पावडर घालून दाट करायचा. पाण्यापासून नेहमीच्या जेवणापर्यंत 0 ते 7 अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. आजीच्या पाठीला जखमा झाल्या त्याचंही तसंच. इथल्या नियमानं, जखमा होण्याचा धोका जास्त असेल त्याला निदान दर चार तासांनी कूस बदलून द्यायची. हे तुला दोष द्यायला लिहीत नाही. तू एकटी होतीस आणि आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण त्या जागेत जे सांभाळणार आहेत त्यांना हे माहीत असायला हवं. जेवणाच्या वेळेला जा आणि आजारी माणसांच्या खोलीत कोण कसं भरवतंय ते बघ. तुझ्या नजरेतून सुटणार नाही.

इथे सगळं आलबेल आहे असंही समजू नका. इंग्लंडात केअर क्वालिटी कमिशन नावाची सरकारी यंत्रणा आहे. त्यांचे तपासनीस बहुतेक वेळा न कळवताच येतात आणि चारपैकी एक शेरा देतात. तो शेरा सगळ्यांना दिसेल असा लावावा लागतो, कायदाच आहे तसा. आमच्याकडे सध्या खालून दुसरा शेरा लटकतोय, सुधारणा हवी असा. औषधांच्या तक्त्यात सह्या राहिल्या होत्या. मॅनेजरबाई चिडल्या, म्हणाल्या, गोळ्या दिल्या होत्या, नुसती सही राहिली. पण सही नसेल तर पुढच्या पाळीतल्यानं काय समजायचं? गोळी पुन्हा द्यायची, की नाही द्यायची?

आणि रात्री किती माणसं हवीत याचा आकडा इथल्या कायद्यातही नाही. 'पुरेशी' एवढंच म्हटलंय. आम्ही रात्री तिघं, राहणारे 38. एकाला यंत्रानं उचलून बसवायला दोघं लागतात. तेवढा वेळ तिसरा एकटा, 37 जणांना.

आपल्याकडे दारावर असा शेराही नसतो. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा तुम्हाला मुलांकडून पोटगी मिळवण्याचा म्हणून माहीत आहे (घाबरू नका, मी पैसे वेळेवर पाठवीन). त्यात वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा आणायला 2019 मध्ये दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे तपासनीस तुम्हीच.

तेव्हा तिथे एवढं विचाराच, की रात्री कुणी उठून फिरायला लागलं तर तुम्ही काय करता? "सांभाळून घेतो" म्हणाले तर कसं, ते विचारा. बांधता का, बाहेरून कडी लावता का. तामिळनाडूतलं एरवाडी तुम्हाला आठवत असेल, 2001 सालचं. आग लागली आणि 28 मनोरुग्ण गेले. साखळ्यांनी बांधलेले होते, पळणार कसे? रात्री जिन्याच्या दाराची किल्ली कुणाकडे असते, ते त्या कामगारालाच विचारा, साहेबाला नको.

तुम्ही लोकांना "मुलगा इंग्लंडला हॉस्पिटलात आहे" असं सांगता, ते मला माहीत आहे. सांगा, माझा राग नाही. पण परवा ऑफिसातला कुणी "काका, तुम्हाला यातलं काय कळतं" असं म्हणाला, तर मात्र खरं सांगा. मुलगा हेच काम करतो म्हणावं, म्हाताऱ्यांना आंघोळ घालतो, भरवतो, रात्री त्यांची कूस बदलतो, आणि त्यानंच मला हे विचारायला सांगितलंय.

आगाऊ रक्कम देऊन येऊ नका. आठवडाभरानं पुन्हा एकदा जा, न कळवता, संध्याकाळी साडेसातनंतर. पुण्याच्या मावशीकडे मुक्काम करा म्हणजे शेवटच्या गाडीची घाई होणार नाही. शनिवारी मला सुट्टी आहे, तुमच्या दुपारी फोन करतो. तो नळ सोडून बघितलात का, हे आधी विचारणार आहे.

तुमचा,
बंडू