प्रकरणाच्या नावाची प्रेरणा सांगा, पण प्रकरण संपल्यावर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

फॅनफिक्शनविषयी, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या कलाकृतीतली पात्रे घेऊन लिहिलेल्या नव्या कथांविषयी, काही छापून येते तेव्हा चर्चा होते ती पात्रांची, त्यांच्या जुळवलेल्या जोड्यांची आणि मूळ कथेच्या मोडतोडीची. प्रकरणांच्या नावांकडे सहसा कोणी बघत नाही. बघितलेच तर ‘कवितेच्या ओळी डकवायची हौस’ म्हणून सोडून देतात. हौस आहेच, नाकारत नाही. पण नाव नीट बेतले तर एखाद्या परिच्छेदाचे काम ते एकटे करते आणि घाईत ठेवले तर चांगल्या प्रकरणाचा विचका करते. ‘हे नाव कुठून सुचले’ हे सांगायची प्रथाही या लेखकांत रुळली आहे. प्रथा चांगली आहे, पण टिपेची जागा चुकते.

बहुतेक जण ही टीप प्रकरणाच्या डोक्यावर देतात. ‘आजचे नाव अमुक गझलेतून घेतले आहे, जवळच्या माणसाने दगा दिल्यावरचा हा शेर आहे.’ झाले! पहिले वाक्य वाचण्याआधीच वाचकाला दगा कळला. आता तो फक्त दगा कोण देणार याचा अंदाज बांधत बसणार. खरे तर लेखकाने अख्खे प्रकरण त्या संशयाला हळूहळू वर आणण्यासाठी लिहिलेले असते.

आपल्याकडच्या पोथ्यांत याचे उत्तर आयते आहे. भगवद्गीतेच्या अध्यायाचे नाव अध्याय संपल्यावर पुष्पिकेत, म्हणजे समाप्तीच्या ओळीत येते: ‘अर्जुनविषादयोगो नाम प्रथमोऽध्यायः’. आधी विषाद, मग त्याचे नाव. श्रीधरस्वामींनी तर आधारग्रंथही तिथेच सांगितला. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या त्यांच्या ‘हरिविजया’त अध्यायाच्या शेवटी ‘संमत हरिवंश भागवत’ असे शब्द येतात, ‘रामविजया’त ‘संमत वाल्मीकनाटकाधार’. कशाच्या आधाराने लिहिले ते प्रामाणिकपणे सांगायचे, पण श्रोत्याने ऐकून झाल्यावर. फॅनफिक्शन लिहिणाऱ्याने हीच रीत उचलावी. वर फक्त नाव. ओळ कुणाची, कुठली आणि का घेतली हे खाली दोन-तीन वाक्यांत. ही टीप वाचून वाचकाला प्रकरण पुन्हा चाळावेसे वाटले तर ती जमली. आणि टीप वाचल्याशिवाय नाव कळतच नसेल तर नाव बदलावे.

नावे येतात कुठून? सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त वापरला जाणारा झरा म्हणजे गाणी. इथे एक धोका हटकून विसरला जातो. गाण्याची ओळ एकटी येत नाही, चालीसकट येते. शब्द कितीही गंभीर असोत, चाल ठेक्याची असेल तर मृत्यूच्या प्रसंगावर वाचकाच्या डोक्यात ठेकाच वाजतो. शिवाय गाण्यातल्या ‘तू’ आणि ‘मी’ यांच्या जागी कथेतले कोण बसते हे ठरलेले नसेल तर ओळ नुसती गोड लागते, तिचा अर्थ लागत नाही.

मूळ कलाकृतीतला संवाद हा माझ्या मते याहून सरस झरा. फॅनफिक्शनच्या वाचकाला मूळ कथा पाठ असते आणि ही सोय इतर कादंबरीकारांना मिळत नाही. मूळ कथेत गुरूने शिष्याला उद्देशून म्हटलेले वाक्य नावात घ्यावे आणि प्रकरणात ते शिष्याच्या तोंडी, गुरूला उद्देशून यावे. काही समजावून सांगावे लागत नाही. वाक्य मात्र जसेच्या तसे घ्यावे. आठवणीतून लिहिले की एखादा शब्द सरकतो, आणि अशा चुका धरण्यात चाहत्यांचा हात कोणी धरणार नाही.

तिसरा प्रकार नावांच्या तयार मालिकेचा. इथे थोडे रेंगाळतो, कारण सगळ्यात जास्त कमाई इथे आहे. महाभारताची पर्वे घ्या. सहावे ते नववे ही चार पर्वे कौरवांच्या सेनापतींच्या नावाने, त्यांच्याच क्रमाने येतात: भीष्म, द्रोण, कर्ण, शल्य. आता समजा, कोणी असे फॅनफिक्शन लिहिले की उद्योगपर्वात कृष्णाने जन्मरहस्य सांगितल्यावर कर्ण पांडवांकडे येतो. प्रकरणांना पर्वांचीच नावे द्यायची. उद्योगपर्व, भीष्मपर्व, द्रोणपर्व... आणि त्यापुढे थेट शल्यपर्व. आठव्या पर्वाची जागा वगळली, एवढ्यानेच कौरवांच्या छावणीतली पोकळी दिसली. ‘कर्णपर्व’ हे नाव राखून ठेवायचे ते युद्धानंतरच्या प्रकरणासाठी. मूळ महाभारतात शांतिपर्वात युधिष्ठिराला अभिषेक होतो. इथे सिंहासनासमोर थोरला भाऊ उभा आहे. मूळ उद्योगपर्वात कर्ण कृष्णाला सांगतो की युधिष्ठिराला हे कळले तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. तो धागा इथे उचलता येतो आणि नावाला दुहेरी धार येते. अशा मालिकेत ‘अंगराजपर्व’ वगैरे नवी नावे घुसडू नयेत. एक जरी बनावट नाव शिरले तरी वगळलेल्या नावाचा परिणाम जातो, कारण मग वाचकाला वाटते की लेखकाने सगळीच नावे मनाने ठेवली आहेत.

मालिका घेताना आधी मोजणी करावी. सुनीताच्या (सॉनेटच्या) चौदा ओळी चौदा प्रकरणांना द्यायच्या ठरवल्या आणि कथा सतरावर गेली, हे क्रमशः लेखनात नेहमी घडते. शेवटच्या तीन प्रकरणांना मग दुसऱ्याच कवितेचे ठिगळ लागते. त्यापेक्षा लांब ओळी यतीवर, म्हणजे ओळीतल्या विरामावर तोडाव्यात, किंवा मधल्या छोट्या प्रकरणांना नुसते ‘मध्यंतर’ म्हणावे. आठ-सहा अशी विभागणी असलेल्या सुनीतात आठव्या ओळीनंतर विचार वळतो. कथेचे वळण चौथ्याच प्रकरणात येत असेल तर ते सुनीत त्या कथेचे नव्हे, दुसरे शोधावे. एका रात्रीत घडणाऱ्या कथेला रागांची नावे देतात तेव्हाही असेच. मारवा सूर्यास्ताचा, यमन त्यानंतरचा, मालकंस उत्तररात्रीचा, हा क्रम पाळला तर घड्याळ दाखवावे लागत नाही. पण मधल्याच प्रकरणाला ‘भैरवी’ म्हटले की जाणकार वाचक मैफल संपली असे समजून उठतो. नवरसांची नावे मात्र टाळावीत. प्रकरणाचे नाव ‘करुण’ ठेवले तर त्यात करायला उरते काय?

नाव पक्के कधी करावे? पहिला खर्डा झाल्यावर. तोवर ‘पूल, भांडण’ असे कामचलाऊ नाव पुरते. आधी ओळ ठरवून तिच्याभोवती प्रकरण रचले की पात्रे ती ओळ गाठण्यासाठी वाकडी चालतात. त्यासाठी एक साधा तक्ता ठेवावा: प्रकरण क्रमांक, नाव, मूळ ओळ पूर्ण, ती कुठल्या छापील पुस्तकात पडताळली, आणि प्रकरणातल्या कुठल्या क्षणाशी तिचे नाते आहे. शेवटचा रकाना एका वाक्यात भरता येत नसेल तर ओळ फक्त आवडली म्हणून आली आहे. पडताळणीचा रकाना तर सोडूच नये. भलत्याच कवीच्या नावावर फिरणाऱ्या ओळींचा सध्या सुकाळ आहे, आणि ‘तुका म्हणे’ जोडले म्हणून कुठलीही ओळ गाथेतली होत नाही.

मग सगळी नावे एकाखाली एक लिहून, प्रकरणे बाजूला ठेवून, फक्त नावे वाचावीत. अनुक्रमणिका सर्वांना दिसते. ‘परतीची वाट’ आणि ‘दोघांचे घर’ ही नावे शेवटी दिसली की मधल्या विरहातली भीती गेली. मोबाइलवर लांब नाव अर्ध्यात तुटते, आणि मराठी ओळीत क्रियापद शेवटी असल्याने नेमके तेच कापले जाते. ‘मी तुला कधीच विसरणार’ एवढेच दिसले तर अर्थच उलटा. तीन-चार शब्द बरे. मोठी ओळ हवीच असेल तर तिचा पहिला तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहतो का ते बघावे.

कायद्याचा एक मुद्दा. एखादी ओळ नावात घेणे वेगळे, आणि पूर्ण कविता ओळीओळीने प्रकरणांवर वाटणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात अनुक्रमणिका म्हणजे अख्खी कविताच छापल्यासारखी होते. भारतीय कायद्यात साहित्यावरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. केशवसुत १९०५ मध्ये गेले, बालकवी १९१८ मध्ये; त्यांच्या कविता खुशाल घ्याव्यात. हक्क चालू असलेल्या कवीची एखाददुसरी ओळ घ्यावी, कवीचे नाव शेवटच्या टिपेत द्यावे आणि पूर्ण कवितेचा मोह आवरावा.

प्रकाशित झालेल्या प्रकरणाचे नाव बदलायचे झाल्यास जुने नाव त्याच शेवटच्या टिपेत ‘पूर्वीचे नाव’ म्हणून ठेवावे. वाचक प्रकरणे नावाने लक्षात ठेवतात आणि एकमेकांना नावानेच सुचवतात. जुने नाव पुसले की त्यांना प्रकरण सापडत नाही.

आपला,
एक बीटा रीडर (प्रकाशनाआधी कथा वाचून लेखकाला सूचना देणारा)