बॅटरी बदलायच्या आधी मीटर लावा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

थंडी पडली की आमच्याकडे मोटरसायकलच्या बॅटऱ्यांचा खप वाढतो. त्यातल्या बऱ्याच बॅटऱ्या विनाकारण बदलल्या जातात, असं माझं ठाम मत आहे.

जांबोटीच्या बाजूने बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला येणारे आम्ही पुष्कळ जण आहोत. गाड्या रात्रभर अंगणात उभ्या. पहाटे बटण दाबलं की नुसतं 'टक्', मीटरचे दिवे मंद होतात आणि गाडी गप्प. दुकानात नेली की उत्तर तयार असतं, "बॅटरी गेली, नवी घाला." गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्यालाही हेच सांगितलं. बॅटरी अजून वॉरंटीत होती! आमच्या ओळखीच्या मिस्त्रीने सीट काढली, तर निगेटिव्ह टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखा थर आणि स्क्रू बोटाने फिरेल इतका ढिला. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासलं, कोरडं केलं, आवळलं, वर व्हॅसलिनचं बोट फिरवलं आणि बॅटरी रात्रभर लहान चार्जरला लावली. तीच बॅटरी आजही गाडीत आहे.

थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, शिवाय इंजिन ऑइल घट्ट होतं. म्हणजे सेल्फला करंट जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच तो कमी मिळतो. पण आपली थंडी काही काश्मीरची नव्हे. धडधाकट बॅटरी इथे बसत नाही; आधीच अर्धीमुर्धी उतरलेली असेल ती बसते. एप्रिल 2017 पासूनच्या गाड्यांना हेडलाइट कायम चालू. त्यात घर ते डेअरी, डेअरी ते घर असं हळूहळू फिरायचं, मग सेल्फने खाल्लेलं भरून निघणार कधी?

व्होल्टेज मोजणारा साधा मीटर बॅटरीला लावला की दोन मिनिटांत कळतं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास असली तर भरलेली. 12.2 म्हणजे निम्मी उतरली, आधी चार्ज करा. पूर्ण चार्ज करूनही सेल्फ मारताना 10 च्या बराच खाली जात असेल, तर मात्र ती खरंच गेली. गाडी चालू करून थोडी रेस दिल्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर दोष वायरिंगमध्ये, मॅग्नेटमध्ये (इंजिनावर वीज तयार करणारा भाग) नाहीतर ती वीज बॅटरीजोगी करणाऱ्या रेक्टिफायरमध्ये. तो तसाच ठेवून नवी बॅटरी घातली तर तीही बसणार.

गाडी कंपन्यांनाही एक सांगायचं आहे. एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले, बहुतेक गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आलं आणि कित्येक मॉडेलांची किक गेली. बॅटरी पार उतरली असेल तर या गाड्या धक्का मारूनही सुरू होत नाहीत, कारण पेट्रोलच्या पंपालाच वीज नसते. थोडीफार उतरलेली असेल तेव्हा तरी किक उपयोगी पडली असती. किक काढणाऱ्या साहेबांनी पौषात एकदा चोर्ला घाटाच्या वाटेवर मुक्कामाला यावं, दूध-भाकरी आम्ही देऊ.

आणि दुकानदारांना विनंती अशी, की बॅटरी विकण्याआधी जुनीचं व्होल्टेज गिऱ्हाइकाला दाखवा आणि बिलावर लिहून द्या. बिल कन्नडात असो की मराठीत, आमची तक्रार नाही. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तेवढा न सांगता मारत चला. तो नसला की बदलून घेताना गाडीवाल्यालाच हेलपाटे पडतात.

आपला,
उद्यमबागेतील एक कामगार
(जांबोटी भाग, ता. खानापूर)