हेल्मेट घालतो हो, पण ठेवायचं कुठे ते पण छापा

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

कालच्या अंकात हेल्मेटसक्तीवर तुम्ही अर्धं पान दिलंय ते वाचलं. म्हणजे सगळं नाही वाचलं, कारण खाली 'पान ५ वर' लिहिलं होतं आणि पान ५ वर वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, पानभर, हात जोडलेले एकाहून एक फोटो. बातमीचा उरलेला भाग कुठे गेला ते तुम्हालाच माहीत. असो.

जेवढं वाचलं त्यात एक चौकट होती, हेल्मेट चोरीला जाऊ नये म्हणून काय करावं त्याची. पहिलाच सल्ला, शक्यतो हेल्मेट सोबत बाळगा. ज्याने कोणी हे लिहिलंय त्याने एकदा बायकोला मागे बसवून मालवणच्या मासळी बाजारात जाऊन यावं अशी माझी नम्र विनंती आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये गाडीवर बसलेल्या प्रत्येकाला हेल्मेट म्हटलंय, मागे बसणारीलाही, म्हणजे हेल्मेटं झाली दोन. एक माझ्या हातात, एक तिच्या हातात, मग बांगड्याची पिशवी कोणी धरायची? आमची ही म्हणते, "डोक्यारच ठेवा नि तसेच चला बाजारात." तेही करून बघितलं असतं, पण कोलंबीचा भाव विचारला तर आतून आमचा आवाज बाहेर येत नाही.

आणि बाजाराचं सोडा, बँकेत जा. दारावर बोर्ड, हेल्मेट घालून आत येऊ नये. बरोबर आहे, चेहरा दिसला पाहिजे, माझी काही तक्रार नाही. म्हणून काढून हातात घेतलं, स्लिप भरायला दोन्ही हात लागतात म्हणून काउंटरवर ठेवलं, तर वॉचमन धावत आला, इथे ठेवायचं नाही. खुर्चीवर ठेवलं तर ती खुर्ची सिनियर सिटिझनची. मीपण सिनियर सिटिझनच आहे हो, पण तेव्हा ती खुर्ची माझ्या हेल्मेटला मिळाली नाही आणि मलाही नाही. बरं देवळात गेलो तर बाहेर चपलांना टोकन मिळतं. शंभर रुपयाच्या स्लीपरला नंबर देऊन फळीवर ठेवतात, आणि हेल्मेट विचारलं तर म्हणतात गाडीलाच लावून या.

आता हे गाडीला लावून या प्रकरण सांगतो, कारण तुमच्या चौकटीतला दुसरा सल्ला तोच होता, हेल्मेट गाडीच्या हुकाला अडकवून सीट लॉक करावी. वाचून मला हसू आलं आणि मग चहा गार होईपर्यंत राग आला.

दिवाळीच्या आधी मी मुंबईला गेलो होतो मेव्हण्याकडे. मोटरसायकल स्टेशनच्या पे अँड पार्कमध्ये लावली. सिंधुदुर्गातलंच स्टेशन, कुठलं ते लिहीत नाही, लिहिलं तर तुम्ही पत्र छापणार नाही. हेल्मेट चांगलं होतं, दोन हजारांच्या आसपासचं, फुल फेस (हनुवटीसकट तोंड झाकणारं), आयएसआय मार्कवालं, मुलाने आणून दिलेलं. त्याच्या पट्ट्याला ती दोन कड्यांवाली सिस्टिम असते ना, ती कडी सीटखालच्या हुकात घातली, सीट दाबली, टक्क आवाज आला, ओढून बघितलं, हललं नाही. पार्किंगवाल्या पोराने पावती फाडली, पैसे घेतले, आणि मी कोकणकन्या एक्स्प्रेसने निघालो.

परत आलो सकाळी. गाडी जाग्यावर. सीट लॉक. हुकात कडी जशीच्या तशी. कडीला वीतभर पट्टा लोंबतोय आणि हेल्मेट नाही. ब्लेडने कापलेला, अगदी स्वच्छ, शिंप्याने कापावा तसा.

पार्किंगवाल्याला बोलावलं. तो आला, पट्टा बघितला, गाडी बघितली आणि मला विचारतो, "गाडी आसा मां जाग्यार?" म्हटलं आहे. "मग झाला तर." पावती उलटी करून दाखवली, मागे बारीक अक्षरात छापलेलं, वाहनातील वस्तूंची जबाबदारी आमची नाही. म्हटलं अरे वर कॅमेरा आहे ना तुझा. "कॅमेरो आसा, पण तो गेटीकडे बघता." म्हणजे गाडी कोणी नेली तर दिसेल. हेल्मेट डोक्यावर घालून कोणी चालत गेटातून बाहेर पडला तर तो कॅमेऱ्याला हेल्मेट घातलेला सज्जन माणूसच दिसणार, आणि काच खाली असल्यामुळे तोंडही दिसणार नाही. चोराला याहून जास्त कुठली सोय आपण द्यायची राहिलीय?

आता मला सांगा मी घरी कसा जाणार होतो? सकाळची वेळ, हेल्मेटचं दुकान दहाच्या आत उघडत नाही, तोपर्यंत काय स्टेशनच्या पायरीवर डोकं धरून बसायचं? निघालो तसाच. हायवेला लागलो आणि थोडं पुढे जातो तर बाजूला वाहतूक पोलिसांची जीप, चलनाचं मशीनवाले साहेब, फोटो काढला. मी थांबलो, सांगितलं साहेब आत्ताच चोरीला गेलं हो, हा बघा पट्टा. ते म्हणाले, "काका, सगळे हेच सांगतात." सगळे हेच सांगतात म्हणजे सगळ्यांची चोरीला जातात असाही त्याचा एक अर्थ होऊ शकतो, पण तो त्यांना सुचला नाही. घरी पोचायच्या आत मोबाईलवर चलन. मुलाने फोटो उघडून मोठा करून दाखवला तर त्यात माझं टक्कल आहे, नंबर प्लेट आहे, आणि सीटखालून लोंबणारा तो कापलेला पट्टा पण स्पष्ट दिसतोय. माझ्या चोरीचा पुरावा सरकारच्याच फोटोत आहे आणि त्याच फोटोवर दंड मला.

कायदा मला माहीत नाही असं समजू नका, कोर्टात कारकुनी करून रिटायर झालोय. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ड आलं, विना हेल्मेट हजार रुपये आणि तीन महिने लायसन्स बाद. ठीक आहे. डोकं माझं आहे, सरकारला काळजी आहे, आनंद आहे. पण चोरीची तक्रार द्यायला गेलो तर काय झालं ऐका. अंमलदार भला माणूस, पाणी दिलं, आणि म्हणाला काका, एनसी होईल, म्हणजे अदखलपात्र म्हणून नुसती नोंद. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात चोरीच्या कलम ३०३ मध्ये सोय केलीय की माल पाच हजाराच्या आतला असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवा. आणि पाच हजाराच्या आतली चोरी आता अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांनी तपासच करायचा नाही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ मध्ये असं नव्हतं, साधी चोरी पण दखलपात्र होती. आता हेल्मेटासाठी कोण मॅजिस्ट्रेटकडे जाणार? तर हिशोब असा की ज्याने हेल्मेट नेलं त्याचा तपास नाही, चुकून सापडला तर समाजसेवा, आणि ज्याचं गेलं त्याला हजाराचं कलम. कोर्टात बसून मी बरेच विनोद ऐकले, हा त्यात वरचा आहे.

लोक विचारतात पट्टा कापलेलं हेल्मेट नेऊन चोराला काय मिळतं. मिळतं ना. चपला शिवणाऱ्याकडून नवा पट्टा मारून घेतात, नाहीतर तसंच डोक्यावर ठेवून फिरतात, नाक्यावर लांबून डोकं झाकलेलं दिसलं की झालं. त्या हेल्मेटाचा पडल्यावर काही उपयोग नाही, पट्टा नसेल तर रस्त्यावर आपटायच्या आधीच ते उडून जातं, आणि कायद्यातसुद्धा पट्ट्याने नीट बांधलेलं असावं असं लिहिलंय. पण तपासतो कोण?

याचा परिणाम काय होतो तो तुमच्या बातमीत कुठेच नाही (पान ५ वर असेल तर माहीत नाही). आमच्या वाडीतल्या पोरांकडे बघा. ज्याचं चांगलं हेल्मेट एकदा गेलं तो दुसऱ्यांदा चांगलं घेत नाही. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर मांडलेली असतात त्यातली टोपी घेतो, आतमध्ये धड थर्माकोल नाही, नुसती प्लास्टिकची वाटी, वर आयएसआयचा स्टिकर चिकटवलेला. १ जून २०२१ पासून बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) प्रमाणाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे, आयएस ४१५१ म्हणून मानक आहे, पण ताडपत्रीला मानक कोण विचारणार. पोरं म्हणतात गेलं तर गेलं, तीनशेचं आहे. म्हणजे चोरांच्या भीतीने लोक मुद्दाम असं हेल्मेट घेतात जे चोरावंसं वाटणार नाही, आणि जे चोरावंसं वाटत नाही ते डोकं पण वाचवत नाही.

तुमच्या चौकटीतला तिसरा सल्ला केबल लॉकचा, तो त्यातल्या त्यात बरा, पण अर्धवट लिहिलाय. वायर पट्ट्यातून घालून काही फायदा नाही, पट्टा कापला जातो हे वर आलंच. वायर पुढच्या जबड्याच्या भागातून घालायची, तोंडाच्या उघड्या जागेतून आत आणि खालून बाहेर, मग फ्रेमला. म्हणजे हेल्मेट न्यायचं तर फोडावं लागेल. पण हे फुल फेसलाच चालतं, अर्ध्या हेल्मेटाला जबडाच नसतो. आणि इथल्या खाऱ्या हवेत ते आकड्यांचं लॉक एक पावसाळा काढत नाही, आकडे फिरतच नाहीत, मग स्वतःचंच हेल्मेट सोडवायला पक्कड घेऊन बसा आणि येणारे जाणारे तुमच्याकडे चोर म्हणून बघणार. शिवाय पावसात बाहेर अडकवलेलं हेल्मेट म्हणजे कळशी. जुलैत एकदा आतलं कापड भिजलं की सुकत नाही, बुरशीचा वास, तेच डोक्यात घालून पोर कॉलेजला जाणार. आरशावर अडकवावं तर वाऱ्याने पडतं, आणि आतला थर्माकोल एकदा दबला की परत फुगत नाही. स्कूटरवाले म्हणतात डिक्कीत टाका, तर माझ्या बायकोच्या स्कूटरच्या डिक्कीत फुल फेस घातलं की सीट बसत नाही, आणि सीट बसली तर रेनकोट बाहेर.

म्हणून माझी मागणी साधी आहे, त्याला पान ५ लागणार नाही. जिथे जिथे पार्किंगचे पैसे घेतात, स्टेशन असो, एसटी स्टँड असो, जेटी असो, तिथे एक लोखंडी मांडणी आणि टोकन. वर पत्रा, म्हणजे पाऊस नको. पाच रुपये जास्त घ्या, दहा घ्या, मी देतो. आणि पावतीवर मागे जे बारीक अक्षरात छापतात ते ठेका देतानाच काढून टाकायला लावा, पैसे घेतले की हेल्मेटाची जबाबदारी घेतली, नाहीतर ठेका नाही. तुमचे प्रतिनिधी दर दोन दिवसांनी हेल्मेट वाटपाच्या कार्यक्रमाचे फोटो आणतात, पाहुण्यांनी हेल्मेट हातात धरलेलं आणि कोणाच्याच डोक्यावर नाही, त्यातल्या एकाला म्हणावं जरा स्टेशनवर जा, ठेकेदाराला विचार की करारात वाहन म्हणजे नेमकं काय काय येतं, आणि उत्तर छापा. पहिल्या पानावर नको, कुठेही छापा, फक्त 'पान अमुक वर' म्हणून सोडू नका.

चलनाविरुद्ध तक्रार टाकली आहे, फोटोला गोल करून. उत्तर आलं की कळवतो.

आपला नेहमीचा वाचक,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग
(नाव पत्ता वेगळा दिला आहे, छापू नये, ते पार्किंग रोजचं आहे)