लांब लेन्स घेण्याआधी

मु. ता. भद्रावती, जि. चंद्रपूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. हाताशी निकॉन डी७५०० कॅमेरा आणि सोबत आलेली १८-१४० मिलिमीटरची लेन्स. आता गोंदियाच्या बांध्यांतले, म्हणजे धानाच्या शेतांतले, सारस आणि ताडोबातला वाघ, दोन्हींसाठी एकच लांब झूम लेन्स पाहिजे. १५०-६०० घ्यावी की २००-५०० (आकडे मिलिमीटरचे, आकडा मोठा तेवढं दूरचं जवळ दिसतं), हा तुझा प्रश्न. उत्तर आधीच देतो: निकॉनची २००-५०० घे. आपल्याकडचे फोटो बिघडतात ते शंभर मिलिमीटर कमी पडले म्हणून फार क्वचित. ते बिघडवतात तापलेली हवा, पहाटेचा अपुरा उजेड आणि हलणारी जिप्सी. या तिघांवर ६०० हे औषध नाही, उलट ६०० वर तिन्ही जास्त छळतात.

आधी जरा हिशेब कर. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.७ मिलिमीटरचा. ५०० वर पन्नास मीटर अंतरावरची चौकट भरते २.३५ मीटर रुंद आणि १.५७ मीटर उंच. ६०० वर १.९६ बाय १.३१. पूर्ण वाढलेला सारस मान ताठ करून उभा राहिला की १.८ मीटरपर्यंत जातो. म्हणजे पन्नास मीटरवर आडव्या चौकटीत तो ५०० नेही मावत नाही, एक तर डोकं कापलं जाईल नाही तर पाय. जोडी घ्यायची तर साठ-सत्तर मीटर लांबच बरं. बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून तेवढं अंतर सहज मिळतं, पाखरूही बुजत नाही. पावसाळ्यात धानात घरटं दिसलं तर मात्र अंतराचा हिशेब विसर आणि वाट बदल.

वाघाची गोष्ट याच्या उलट. ताडोबाच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटच्या रस्त्यावर तो जिप्सीपासून वीस मीटरवर आला, तर ५०० वर चौकट ९४ सेंटिमीटरची, म्हणजे चेहरा आणि मान. २०० वर आलास तरी २.३५ मीटर, शेपटी बाहेरच राहते. इथे १५०-६०० वाल्यांची बाजू खरी आहे: १५० वर त्याच अंतरावर तीन मीटरच्या वर मिळतात. तरीही वाघ जवळ आला की लोक अंगाचा फोटो घेत नाहीत, चेहराच घेतात, म्हणून मी हा तोटा हलका धरतो. स्थिर फोकल लांबीच्या, म्हणजे झूम न होणाऱ्या, महागड्या लेन्सची हाव मात्र या एका कारणासाठीच सोड. जिप्सी मागेपुढे घेणं तुझ्या हातात नसतं.

मग २००-५०० का? पूर्ण टप्प्यात छिद्र एफ/५.६ राहतं (आकडा लहान तेवढा उजेड जास्त). सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी किंवा टॅमरॉनची १५०-६०० जी२ ही ५०० वर पोहोचते तेव्हाच एफ/६.३ झालेली असते. फरक एकतृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), म्हणजे पहाटे आयएसओ, सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० ऐवजी २५००. थोडाच आहे, पण फुकट मिळतो. दुसरं, पुढे निकॉनचा झेड, म्हणजे बिनआरशाचा, कॅमेरा घेतलास तर जुन्या लेन्स जोडायच्या एफटीझेड अडॅप्टरवर ती कुरकुर न करता चालते. बाहेरच्या कंपनीच्या लेन्सना फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बघत बसावं लागतं. तोटे पण ऐक. कॉलरसकट (ट्रायपॉडला जोडायच्या पायाच्या कड्यासकट) २.३ किलो आहे, सिग्मा कंटेम्पररी १.९३. झूमची रिंग २०० ते ५०० एका मनगटात फिरत नाही, हात बदलून दोनदा फिरवावी लागते. झूमचा लॉक फक्त २०० वर बसतो. टॅमरॉनची कुठेही अडकवता येते. झूम करताना नळी बाहेर येते ती तिघींचीही, आणि तिच्यासोबत उन्हाळ्यातल्या रस्त्याची धूळ आत-बाहेर करते. किमती लिहीत नाही, पत्र तुला पोहोचेपर्यंत बदलतील.

टेलिकन्व्हर्टरच्या, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवून पल्ला वाढवणाऱ्या भिंगाच्या, नादी लागू नको. १.४ चा लावला की ७०० मिलिमीटर एफ/८. तुझ्या कॅमेऱ्याच्या ५१ फोकस बिंदूंपैकी एफ/८ वर भरवशाचा राहतो तो मधला एकच.

आता तापलेल्या हवेचं, कारण लोक लेन्सला शिव्या देतात त्या बहुतेक हिच्यामुळे. मार्च ते मे, सकाळी नऊ वाजून गेले की जमीन तापते, वर चढणारी गरम हवा आणि थंड हवा एकमेकींत घुसळतात आणि प्रकाश वाकडातिकडा होत येतो. शंभर मीटरवरचं चितळ भिंगातून पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. फोकस चुकला की हवा आडवी आली, हे ओळखायची खूण अशी: फोकस चुकला असेल तर जनावराच्या पुढचं किंवा मागचं गवत कुठे तरी कडक, म्हणजे रेखीव, येतं. हवा असेल तर चौकटीत काहीच कडक नसतं, आणि लागोपाठच्या दहा फोटोंत प्रत्येक वेगळा मऊ, म्हणजे पुसट, असतो. म्हणून अशा वेळी एकच फोटो घेऊ नको, लागोपाठ घे, त्यातला एखादा वाचतो. जमिनीलगत ही थरथर सर्वांत जास्त, तेव्हा दुपारी धुऱ्यावर आडवं पडून सारस टिपायचा हट्ट नको. खरा उपाय अंतर कमी करणं, नाही तर पहिल्या तासात काम उरकणं. हिवाळ्यात पण ही भानगड होते: थंडीत कारच्या खिडकीतून लेन्स बाहेर काढलीस आणि आत हीटर चालू असला, तर काचेसमोरच गरम-थंड हवा घुसळते. हीटर बंद कर, काच आधीच खाली घे.

जिप्सीत ट्रायपॉड चालत नाही, जागाच नसते. बीनबॅग शिवून घे. जुन्या जीन्सच्या पायाचा पस्तीस-चाळीस सेंटिमीटरचा तुकडा, एक तोंड शिवलेलं, दुसऱ्याला चेन, आतून एक पातळ कापडी पिशवी. भरायला तुमच्याकडची लाखोळी (लाख हे कडधान्य) उत्तम, कारण तिचे दाणे कोनदार असतात, एकमेकांत अडकतात आणि बॅग घसरत नाही. तूरही चालते. तांदूळ नको, ओला झाला की फुगतो आणि आंबतो. धान तर मुळीच नको, हलकं असतं नि कुसळ कापडातून टोचतं. अडीच किलो पुरे, पिशवी तीन चतुर्थांशच भर. ठासून भरलीस तर लेन्स तिच्यावर गोटीसारखी घरंगळते. उन्हाळ्यानंतर दाणे ओतून ऊन दाखव, नाही तर सोंडे लागतात.

बॅग जिप्सीच्या आडव्या दांड्यावर टाक, लेन्सच्या कॉलरचा पाय फिरवून वर कर म्हणजे नळी बॅगेत रुतून बसेल, आणि डावा हात खाली आधाराला न लावता लेन्सच्या वर ठेव, हलकं दाबून. कंप मरतो. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांग. भाऊ म्हणून सांगितलं की कोणी नाही म्हणत नाही. एवढं करूनही मागच्या सीटवरचे उभे राहिले की गाडी डुलते, म्हणून शटर कंजूषपणे ठेवू नको.

शटरचं असं धर: उभं जनावर १/५०० सेकंद, चालतं १/१०००, उडणारा सारस १/१६००, त्याचे पंख मोठे आणि संथ असतात. खंड्या किंवा वेडा राघू उडताना पाहिजे तर १/३२००. व्हीआर, म्हणजे लेन्समधली कंप रोखणारी सोय, तुझा हात सावरतो, वाघाचं पाऊल थांबवत नाही, हे पुष्कळांच्या डोक्यात बसत नाही. कॅमेरा एम (मॅन्युअल) वर, छिद्र एफ/५.६ किंवा एफ/६.३, आयएसओ ऑटो आणि वरची मर्यादा ६४००. दाणेदार फोटो कॉम्प्युटरवर साफ होतो, हललेला नाही होत.

उजेडाची दुरुस्ती (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) डोळ्याने कर. गडद सावलीसमोर पांढरा बगळा असला की कॅमेरा सावली बघून चित्र उजळवतो आणि पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरीफटक येतात, तेव्हा उणे ०.७ ते उणे १ कर. चौकट भरून रानगवा असला तरी उणेच, नाही तर काळा राखाडी होतो. पण पिवळ्या गवतात लांबवर अस्वल असलं तर अधिक ०.७.

फोकस एएफ-सी (सतत फोकस धरणाऱ्या) पद्धतीवर, कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या बटणावर घे. बांबूत जनावर असलं तर एकच बिंदू, उघड्यावर नऊ. लेन्सवर फोकसचा पल्ला ठरवणारं एक सरकतं बटण आहे, फुल आणि सहा मीटर ते अनंत. सफारीत सहा मीटरवरच ठेव, म्हणजे फोकस हुकला तरी जवळचं टोक धुंडाळत बसत नाही. उडतं पाखरू शोधायला आधी २०० वर ये, सापडलं की लांब कर. हे हाताला बसेपर्यंत सफारीचे पैसे घालवू नको बाप्पा, तुझ्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर टिटव्या काय कमी आहेत?

यूव्ही फिल्टर नको. ९५ मिलिमीटरची स्वस्त काच ५०० वर चित्र मऊ करते; हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं नळकांडं, कायम लाव, तेवढं संरक्षण पुरे. पट्टा कॅमेऱ्याला नको, लेन्सच्या कॉलरला. धूळ रबरी फुग्याने उडव, मगच कापड लाव. पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत ठेवलीस तर बुरशी धरलीच समज. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात पाव किलो सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि एक आर्द्रतामापक ठेव, काटा ४० ते ५० च्या मध्ये. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परत निळे होईस्तोवर परतून घे.

नवी परवडत नसेल तर जुनी बघायला हरकत नाही, पण दिवसा उजेडी बघ. मागून टॉर्च मारून पुढून डोकाव. जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, उठून ये, दोन-चार धूलिकण चालतात. ५०० वर, एफ/५.६ वर, विटांच्या भिंतीचा सरळ समोरून फोटो घे आणि चारही कोपरे मोठे करून ताड. एक कोपरा बाकीच्यांपेक्षा मऊ असला तर आतलं भिंग सरकलेलं आहे, बहुतेक लेन्स कधी तरी पडलेली. फोकस दहा वेळा लांब-जवळ धावू दे, घरघर ऐकू आली तर मोटार संपत आली. बिल माग, आणि बिलावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळवून मगच पैसे दे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र