‘ऑफिसात बसायचं होतं तर केमिस्ट्री कशाला?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत पदवीनंतरच्या वाटांविषयी छापून आलं, त्यात रसायनशास्त्राच्या वाट्याला दोनच ओळी आल्या : एम.एस्सी. करा, नाहीतर कंपनीच्या लॅबमध्ये चिकटा. त्या दोन ओळींत माझी वीसेक वर्षं कुठेच बसत नाहीत, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कात्री लावली तरी चालेल.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळा मराठी आणि दिवसरात्र यंत्रमागाचा खडखडाट. १९९९ साली बी.एस्सी. झाले. तेव्हा सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, माझ्या पदवीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा शिक्का आहे. लगेच एका डाईंग युनिटमध्ये शेड मॅचिंगला लागले. टॉवेलचा तुकडा हातात घ्यायचा, रंगाची पूड तोलायची, मीठ-सोडा घालून छोट्या भांड्यात रंगवायचा, पार्टीच्या नमुन्याशेजारी धरून बघायचा. काम मला आवडायचं. निळ्यात किंचित लाल कमी आहे, हे मी ट्यूबलाइटखालीही सांगायचे.

चौथ्या वर्षी छाती घरघरू लागली. रिॲक्टिव्ह रंगांची भुकटी श्वासातून गेली की काहींना त्यातून दमा जडतो, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. मग गोदामात जाऊन रंगाच्या ड्रमसोबत आलेला कागद शोधला. त्यावर ते छापलेलं होतं! चार वर्षं तो कागद तिथंच पडून होता आणि युनिटमध्ये तो कुणी वाचला नव्हता. पदवीधर असून मीही नाही. तोंडाला ओढणी बांधली की झालं, अशी आमची समजूत.

मालकांनी काढून टाकलं नाही, वर एक्स्पोर्टच्या ऑफिसात टेबल दिलं. घरी मात्र सुतकी चेहरे. नाना म्हणाले, “ऑफिसात बसायचं होतं तर केमिस्ट्री कशाला शिकलीस? बी.कॉम. केलं असतंस तर निदान हिशेब तरी आला असता.” मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. लॅब सुटली म्हणजे विषय सुटला, असं धरून मी पहिले सहा महिने नुसती पत्रं टाइप केली.

मग एका युरोपियन गिऱ्हाइकाचं पत्र आलं : टॉवेलच्या रंगातून अमुक अमाइन (रंग ज्यांपासून बनवतात त्यातली काही रसायनं) सुटत नाहीत याची हमी द्या. ऑफिसातल्या चौघांनी ते एकमेकांकडे सरकवलं. मी वाचलं आणि कॉलेजचं प्रॅक्टिकल आठवलं. ॲनिलिनचं डायझोटायझेशन करून बीटा-नॅफ्थॉल घातलं की नारिंगी रंग उतरतो, तो ॲझो रंग. असे काही रंग क्षपणानं तुटले की बेन्झिडीनसारखी कर्करोगकारक अमाइन सुटतात. युरोपच्या नियमात कातडीला लागणाऱ्या कापडासाठी अशा प्रत्येक अमाइनची मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे, आणि त्या यादीत टॉवेलचं नाव आहे. तपासणीत रंग तोडायला वापरतात तो सोडियम डायथायोनाइट म्हणजे आपल्या रंगाऱ्यांचा हायड्रोस. सगळं ओळखीचंच होतं, फक्त आता ते कागदावर होतं. कुठला रंग कुठल्या अमाइनपासून बनलाय याचा तक्ता मी दोन दिवसांत केला आणि त्या दिवसापासून पत्रं टाइप करायचं काम दुसऱ्याकडे गेलं.

२००७ च्या जूनमध्ये युरोपात रसायनांच्या नोंदणीचा रीच कायदा लागू झाला आणि माझ्या टेबलावरची चवड दुप्पट झाली. वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त रसायन तिथं बनवायचं किंवा आणायचं, तर त्याची माहिती नोंदवल्याशिवाय बाजार बंद. नोंदणीची शेवटची मुदत ३१ मे २०१८ ला संपली, म्हणून कागद थांबले असं नाही. आपल्याकडच्या रसायन कंपनीला स्वतः नोंदणी करता येत नाही; ती युरोपातला आयातदार करतो, नाहीतर तिथं प्रतिनिधी नेमावा लागतो, आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं माणूस इथं लागतं. ते उत्तर कॉमर्सचा पदवीधर देऊ शकत नाही. इंजिनिअरही दर वेळी देईलच असं नाही.

एक प्रसंग सांगते. रंगाई झाल्यावर अल्कली मारायला आपण ॲसिटिक ॲसिड घालतो. एका पुरवठादाराचा सुरक्षा माहितीचा कागद आला. बोलताना सगळे त्याला अजूनही एमएसडीएस म्हणतात. ठरलेली सोळा प्रकरणं असतात. तिसऱ्या प्रकरणात, जिथं घटक लिहितात, तिथं कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक, ६४-१७-५ होता. या क्रमांकात एक गंमत आहे. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो : त्याआधीचे आकडे उजवीकडून एक, दोन, तीन, चारनं गुणायचे, बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा तोच यायला हवा. इथं ७, २, १२, २४ मिळून ४५. पाच. म्हणजे क्रमांक बरोबर! संगणकानंही तो पास केला असता. पण ६४-१७-५ म्हणजे इथेनॉल. ॲसिटिक ॲसिड ६४-१९-७. चौदाव्या प्रकरणात, वाहतुकीसाठी, यूएन २७८९ हा तीव्र ॲसिटिक ॲसिडचाच क्रमांक होता. एकाच कागदात दोन पदार्थ. टँकर उलटला असता तर रस्त्यावरच्या माणसानं काय समजायचं? मी फोन केला, पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, एवढं कोण बघतंय?” सुधारलेला कागद मात्र संध्याकाळी आला.

अशी टेबलं मी आजूबाजूला पुष्कळ बघते. आमच्या गल्लीतला एक मुलगा हैदराबादला औषधांच्या रेग्युलेटरी विभागात आहे. औषधाला परवानगी मागताना जो अर्ज जातो त्याचे पाच भाग असतात. तिसरा भाग सगळा रसायनशास्त्राचा : कच्चं औषध कसं बनवलं, त्यात कुठली अशुद्ध द्रव्यं किती उरली, वर्ष-दोन वर्षं ठेवल्यावर काय बिघडलं. लॅबवाले आकडे देतात, तो त्यांची सुसंगत कथा लावतो. त्याची आई मात्र अजून ‘कंप्युटरवर असतो’ एवढंच सांगते. गेल्या दिवाळीत मी तिला हे सगळं समजावलं. तिनं पुढ्यात चकली ठेवली.

माझी भाची पेटंट एजंटच्या, म्हणजे इतरांचे पेटंटचे अर्ज करून देणाऱ्याच्या, परीक्षेला बसतेय. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार त्यासाठी भारतीय नागरिकत्व, वय २१ पूर्ण आणि विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. वकिलीची पदवी लागत नाही, हे आमच्या नातेवाइकांत अजून कुणाला पटलेलं नाही. तिला मी ग्लिव्हेकचा खटला वाचायला सांगितला. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या कर्करोगावरच्या औषधाचं पेटंट नाकारलं. वाद होता एका क्षाराच्या बीटा स्फटिकरूपाचा : जुन्याच पदार्थाचं हे नवं रूप औषध म्हणून जास्त गुणकारी आहे का? आपल्या मुलांना स्फटिकरूपं शिकवतात ती पाच मार्कांच्या टिपेसाठी.

बाकी कस्टमचं वर्गीकरण आहे (असेंद्रिय रसायनं २८ व्या प्रकरणात, सेंद्रिय २९ व्या, रंग ३२ व्या, आणि घोळ नेमके सीमेवर होतात), रसायनांची खरेदी आहे, शास्त्रीय मजकुराचं संपादन आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे वार्षिक कागदही आहेतच : घातक कचऱ्याचा ३० जूनपर्यंत, पर्यावरणाचं विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत. आपल्याकडची निम्मी युनिटं ते बाहेरच्या सल्लागाराकडून भरून घेतात आणि त्यात काय लिहिलंय ते वाचतही नाहीत, असा माझा अनुभव आहे.

पण ही यादी वाचून कुणी थेट कॉलेजातून टेबलावर येऊ नये. मी माझ्याकडे येणाऱ्यांना आधी दोन वर्षं लॅबमध्ये काढायला लावते. ज्यानं ब्युरेट (द्रव मोजून सोडायची काचेची नळी) गळताना बघितली नाही, त्याला विश्लेषणाच्या दाखल्यावरचा शुद्धतेचा ९९.९८ टक्के हा आकडा संशयास्पद वाटत नाही. ‘मुलींसाठी बरं, रात्रपाळी नको’ असं म्हणून या कामाची शिफारस करणाऱ्यांनाही माझा नमस्कार. मुलींना चांगली लॅब मिळाली पाहिजे, धूळ ओढणारा पंखा चालू असलेली. आणि पन्नास-साठ हजार घेऊन तीन महिन्यांचं सर्टिफिकेट विकणारे क्लास निघालेत, त्यांच्या दारात जाण्याआधी जाहिरातीतल्या नोकरीवर खरोखर लागलेल्या एका तरी मुलाला भेटावं. इंग्रजीची भीती घालतात, तीही फुकाची. या कागदांचं इंग्रजी म्हणजे तीच ती दोनशे वाक्यं. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकले.

हेही खरं की यातल्या बऱ्याच नोकऱ्या पुण्या-मुंबईत आणि हैदराबादेत आहेत. सोलापूर या शहरांच्या मधोमध आहे, इकडून पुणं अडीचशे किलोमीटर आणि तिकडून हैदराबाद तीनशे. मुलं हुतात्मा एक्स्प्रेसनं जातात आणि सणाला परत येतात. पण चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतही हे कागद रोज लागतात, आणि ते करायला माणूस पुण्याहून बोलावतात याचं मला वाईट वाटतं.

म्हणून शहरातल्या महाविद्यालयांना आपल्या मार्फत एवढीच विनंती. तिसऱ्या वर्षाचं एक प्रॅक्टिकल, एकच, टेबल-खुर्चीवर घ्या. सुरक्षा माहितीचा खरा कागद मुलांच्या हातात द्या आणि वाचायला सांगा. कुणी बोलावलं तर मी येईन, शनिवारी दुपारनंतर मोकळी असते, मानधन नको. त्या ॲसिटिक ॲसिडच्या चुकीच्या कागदाची झेरॉक्स मी जपून ठेवली आहे. पुरवठादाराचं नाव खोडून चाळीस प्रती काढते. चूक कुठं आहे ते सांगणार नाही.

आपली,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर