‘थकवा’ हा शब्द लिहून घेणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

सादर नमस्कार.

मी तुमच्यासमोर पहिल्यांदा बसले त्या दिवशी तुम्ही माझ्या केसपेपरवर सगळ्यात वर एकच शब्द लिहिलात, ‘थकवा’, आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्यात. टेबलाच्या अलीकडून तो शब्द मला उलटा दिसत होता, तरी वाचता आला, कारण अक्षरांकडे बघत राहणे हेच माझे काम आहे. मी मुद्रिते तपासते. तो शब्द पाहून मला रडू आले आणि तुम्ही काही न बोलता रुमालाचा डबा माझ्या बाजूला सरकवलात. मी कशामुळे रडले हे मी तुम्हाला त्या दिवशी सांगितले नाही. पुढच्या भेटींमध्येही ते राहूनच गेले. आज सांगते.

त्याआधीची दोन वर्षे माझ्यावर दुसऱ्या डॉक्टरांकडे नैराश्याचे उपचार चालू होते. मी हा शब्द प्रत्येक भेटीत उच्चारत होते आणि तो कुणीही लिहून घेतला नव्हता. झोप लागते का, भूक लागते का, रडू येते का, जीव नकोसा वाटतो का, हे सगळे विचारले जात असे आणि त्याची उत्तरे कागदावर जात. मी शेवटी म्हणे, ‘पण दिवसभर अंगात त्राण नसते.’ त्यावर पेनाचे टोपण लावले जात असे. एका डॉक्टरांनी मला स्पष्टच विचारले, ‘रडू थांबले ना? मग आता तक्रार कसली?’ दुसऱ्यांनी सल्ला दिला, की आळस झटकून सकाळी फिरायला जावे, म्हणजे आपोआप तरतरी येईल. मी गेलेही. चौथ्या दिवशी रस्त्याच्या कडेला एका कट्ट्यावर बसून राहिले आणि घरी न्यायला कुणीतरी यावे म्हणून फोन केला. हे त्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘मनावर घेतले तर जमते.’ डॉक्टर, त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ज्या आजारात मनच काही घेऊ शकत नाही, त्या आजाराच्या माणसाला हे वाक्य ऐकवणे क्रूरपणाचे आहे, आणि ज्यांनी हा विषय वर्षानुवर्षे शिकून पदवी घेतली त्यांच्या तोंडी तर ते अजिबात शोभत नाही.

त्यांच्या औषधांना मी दोष देत नाही, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवे. पहिली गोळी मिर्टाझापिन या नैराश्यावरच्या औषधाची होती. तेव्हा माझी झोप पार उडाली होती आणि त्या गोळीने मला झोप दिली, घासभर खाण्याची इच्छा दिली, पहाटे तीनला उठून भिंतीकडे बघत बसणे थांबवले. ते उपकार मी विसरणार नाही. मात्र झोप परत आल्यावर ती सकाळी जाईना. नऊ-नऊ तास झोपूनही उठल्यावर दात घासायचे आणि पुन्हा पलंगाच्या कडेवर टेकायचे, असा क्रम झाला. डोळे उघडे असत, पण डोक्यात ओल्या कापसाचा बोळा कोंबल्यासारखे वाटे. छापील मजकुराची एकच ओळ मी चार-चार वेळा वाचत असे आणि पाचव्यांदा बोट ठेवून वाचत असे. याच काळात एका पुस्तकाच्या शीर्षकपानावर लेखिकेच्या नावातला एक काना माझ्या नजरेतून सुटला आणि पुस्तक तसेच छापले गेले. त्या बाई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. मी मात्र कित्येक रात्री तो काना बघत होते.

घरी माझी मुलगी दुपारी शाळेतून आली, की दाराशी उभी राहून हळूच विचारायची, ‘आई, तू जागी आहेस का?’ सात वर्षांच्या मुलीला आईशी बोलण्याआधी हा प्रश्न विचारायची सवय लागावी, याहून मोठी तक्रार मी कोणत्या डॉक्टरांपुढे मांडायला हवी होती, हे मला आजही कळत नाही.

नंतर औषध बदलले गेले, पॅरॉक्सेटिन आले, सोबत रात्रीची एक शांत करणारी गोळीही आली, आणि थकवा होता तिथेच राहिला. शेवटी वैतागून मी सगळ्या गोळ्या एका दिवसात आपणहून बंद केल्या. पुढचे दहा दिवस चक्कर, मळमळ आणि मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होणे, हे सोसले. कुणीही असे करू नये. ही औषधे हळूहळू, डॉक्टरांच्या नजरेखालीच कमी करायची असतात, हे मी अंगावर काढून शिकले. तुमच्याकडे आले ती अशी सगळीकडून हरून आले होते, आणि ‘तुम्ही असे का केलेत?’ हा प्रश्न ऐकायची मनाची तयारी करूनच खुर्चीत बसले होते.

तुम्ही तो प्रश्न विचारला नाहीत. तुम्ही विचारलेत, ‘झोप येते, की झोप येत नसतानाही अंग उचलत नाही?’

या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे तोवर माझ्याही ध्यानात आले नव्हते. मी विचार करून सांगितले, की सकाळी अकरा-बारापर्यंत गुंगी असते आणि त्यानंतर गुंगी जाते, पण अंग शिशाचे होते. तुम्ही पुढे विचारलेत, की हे औषध सुरू होण्यापूर्वी होते का, रात्री घोरण्याबद्दल घरचे काही म्हणतात का, पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, दिवसाची कोणती वेळ त्यातल्या त्यात बरी जाते. एकेक उत्तर त्या दोन रेघांच्या खाली उतरत गेले. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटले, की माझ्या थकव्याला काही रूप आहे, त्याला सुरुवात आहे, वेळ आहे, कारणे असू शकतात, आणि तो माझ्या स्वभावाचा दोष नाही.

तुमची समजावून सांगण्याची पद्धत मी मुद्दाम लिहून ठेवली होती. तुम्ही म्हणालात, की थकवा हे नैराश्याचेच एक मुख्य लक्षण आहे. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत त्याला स्वतंत्र प्रश्न आहे. म्हणजे तो आजारातून येऊ शकतो, औषधातून येऊ शकतो, किंवा रक्त कमी असणे, थायरॉइड मंद असणे, बी-१२ कमी असणे, झोपेत श्वास अडकणे अशा तिसऱ्याच गोष्टीतून येऊ शकतो, आणि बहुतेक वेळा या सगळ्यांची मिसळण असते. ‘म्हणून एकदम गोळी बदलायची घाई नको, आधी तपासू,’ असे तुम्ही म्हणालात. तपासण्यांत माझे लोह कमी निघाले. त्याचे उपचार सुरू केलेत आणि त्याच वेळी सांगितलेत, की एवढ्याने सगळे होणार नाही, त्यामुळे फार आशा धरून मग खचू नका. खोटी आशा न दाखवणाऱ्या माणसावरच खरी आशा ठेवता येते, असे मला त्या दिवशी वाटले.

पहिल्या गोळीने गुंगी का येत होती, तेही तुम्हीच सांगितलेत. सर्दीच्या जुन्या औषधांनी जशी पेंग येते, तशीच ती हिस्टामिन या मेंदूला जागे ठेवणाऱ्या रसायनाची वाट अडवते. ज्याची झोप उडाली आहे त्याला ते वरदान ठरते आणि ज्याला दिवसा काम करायचे आहे त्याला अडचणीचे होते. इतकी साधी गोष्ट होती. दोन वर्षांत मला ती कुणी सांगितली असती, तर निदान मी स्वतःला आळशी म्हणणे थांबवले असते.

तुमच्या बोलण्यातली एक हकिकत मी पुढे अनेकांना सांगितली. १९५२ मध्ये क्षयरोगाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड नावाचे औषध दिले जात होते आणि ते घेणारे रुग्ण अचानक उत्साही, हसरे, हालचाल करणारे झाले. त्यातूनच नैराश्यावर औषध असू शकते ही कल्पना पुढे आली आणि अशा औषधाला मनाला ऊर्जा देणारे असे नाव दिले गेले. यकृताला इजा होते म्हणून ते औषध नंतर मागे पडले. तुम्ही हे सहज बोलून गेलात, पण मी घरी जाताना वाटभर त्याचाच विचार करत होते. ज्या शास्त्राची सुरुवातच अंथरुणाला खिळलेली माणसे उठून चालू लागली या दृश्याने झाली, त्याच शास्त्राच्या दारात दिवसभर पडून राहणाऱ्या रुग्णाला ‘सुधारणा आहे’ असा शेरा मिळावा, हे मला फार दुःखद वाटते.

औषध निवडताना तुम्ही मला निर्णयात घेतलेत. नैराश्यावरच्याच ब्युप्रोपिऑन या वेगळ्या औषधाचा विचार आहे असे सांगून तुम्ही लगेच त्याची दुसरी बाजूही मांडलीत: की त्याने क्वचित फिट येऊ शकते, धोका डोसाबरोबर वाढतो, याच कारणाने ते अमेरिकेत १९८६ मध्ये बाजारातून काढून घेतले गेले होते आणि डोसाची मर्यादा खाली आणून १९८९ मध्ये परत आले. मला कधी फिट आली होती का, डोक्याला मोठा मार लागला होता का, खाण्याचे काही विकार होते का, हे तुम्ही नीट विचारलेत. झोप बिघडू नये म्हणून ते सकाळी घ्यायला सांगितलेत. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणाऱ्या पॅरॉक्सेटिनसारख्या गोळ्यांच्या तुलनेत यावर उरणारी पेंग आणि थकवा कमी आढळतो, असे २००६ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासून दाखवले गेले आहे, हेही सांगितलेत, आणि त्याला जोडूनच म्हणालात, ‘पण ते तुमच्याबाबतीत खरे ठरेल का, हे तुम्हीच मला सांगायचे आहे.’ कुणाला कोणते औषध मानवेल हे आधी सांगता येत नाही. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे वाटणारे साधारण तिघांत एक असतात, हे ऐकून मला कितीतरी हलके वाटले. म्हणजे पहिली दोन औषधे लागू पडली नाहीत त्यात माझे काही चुकले नव्हते. मला जे मानवले ते दुसऱ्या कुणाला मानवेलच असे नाही, म्हणून हे पत्र वाचणाऱ्यांनी माझ्या गोळीचे नाव नव्हे, तुमचे प्रश्न लक्षात ठेवावेत.

पहिले दोन आठवडे काहीच वाटले नाही, उलट तोंड कोरडे पडले आणि हात किंचित थरथरले. पाचव्या आठवड्यात एका दुपारी मी एक अख्खे प्रकरण तपासून संपवले आणि पुढचे पान उलटले. पान उलटल्यावर लक्षात आले, की मी मध्ये एकदाही आडवी झाले नव्हते. थकवा एका दिवसात गेला नाही. तो ओसरत गेला, मध्ये दोनदा परतही आला, आणि प्रत्येक वेळी तुम्ही तो कागदावर तितक्याच गांभीर्याने नोंदवलात. अजूनही काही दिवस जड जातात, पण ते आता दिवस असतात, महिने नसतात.

गेल्या वर्षभरात मला एक गोष्ट वारंवार जाणवली. माणसाचा चांगुलपणा बहुधा दुसऱ्या प्रश्नात दिसतो. ‘कशी आहेस?’ हे सगळेच विचारतात; ‘म्हणजे नेमके काय होते?’ हे फार थोडे विचारतात. माझी एक शेजारीण तसे विचारायची, त्या लेखिकाबाईंनी पुस्तक छापून आल्यावर फोन करून ‘तुमची तब्येत ठीक नाही का?’ असे विचारले होते, आणि मला औषधे देणारे दुकानदार काका गोळी बदललेली पाहून ‘ही सकाळी घ्यायची बरं का’ असे न विसरता सांगायचे. यांच्यापैकी कुणीही माझ्यावर उपचार केले नाहीत, पण मी तुमच्यापर्यंत जिवंत पोचले ती अशा माणसांमुळे. समोरच्याचे म्हणणे जसे आहे तसे ऐकून घ्यायला पदवी लागत नाही, हे खरे. पण पदवी असूनही जे ऐकून घेत नाहीत, त्यांना मी इथे नाव न घेता एवढेच सांगते, की तुमच्या टेबलापलीकडे बसलेला माणूस तुम्ही काय लिहिता हे वाचत असतो.

माझी मुलगी आता शाळेतून आल्यावर दप्तर फेकून थेट सांगायला लागते. दाराशी थांबत नाही.

डॉक्टर, तुमच्याकडे एक मागणे आहे. माझ्या फाईलमधल्या त्या पहिल्या पानाची एक झेरॉक्स मला द्याल का? बाकीचा मजकूर झाकला तरी चालेल. मला फक्त वरची ओळ हवी आहे, त्या दोन रेघांसकट. पुढच्या तपासणीला येईन तेव्हा घेऊन जाईन.

तुमची कृतज्ञ,
एक रुग्ण